आधी काय ठरवायचे, नंतर काय बदलायचे?

हैदराबाद मेट्रोचे सुमारे ६९ किलोमीटरचे जाळे एका दिवसात सुरू झाले नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मियापूर–नागोल हा ३० किलोमीटरचा मार्ग खुला झाला, पुढचे टप्पे फेब्रुवारी २०२० पर्यंत जोडले गेले. काम चालू असतानाच प्रवासी फिरू लागले. खांबांच्या जागा मात्र आधीच पक्क्या कराव्या लागतात. ओतलेले काँक्रीट हलत नाही.

सॉफ्टवेअर मात्र नंतरही बदलता येते. म्हणूनच २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ तज्ज्ञांनी ‘अजाईल’ या सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पद्धतीचा जाहीरनामा मांडला. या पद्धतीत दोन-चार आठवड्यांत वापरण्याजोगा छोटा भाग तयार करतात, ग्राहकाला दाखवतात आणि त्याच्या अनुभवावरून पुढचे काम ठरवतात.

तुमच्या प्रकल्पातही जे बदलणे महागात पडेल ते आधी ठरवा; बाकीचे वापरून बघत सुधारा.