ताल चुकलेल्या हृदयाचे ध्वनिचित्र

हृदयाच्या डाव्या जवनिकेच्या, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याच्या, सर्व भिंती जवळजवळ एकाच क्षणी आकुंचन पावतात, कारण विद्युतसंदेश वेगवान तंतूंच्या जाळ्यातून त्यांच्यापर्यंत पोहोचतो. परंतु या जाळ्याची डावी शाखा निकामी झाली की संदेश स्नायूंतून रेंगाळत जातो, मधला पडदा आधी आखडतो आणि बाहेरची भिंत मागाहून, तीही पडदा सैल पडू लागल्यावर. परिणामी बरेचसे बळ रक्त पुढे ढकलण्याऐवजी समोरची भिंत ताणण्यातच खर्ची पडते.

ही विसंगती इकोकार्डिओग्राफीत, म्हणजे श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनींवरून रेखलेल्या चलच्चित्रात, दिसते. स्पंदनाच्या आरंभी पडद्याला बसणारा क्षणिक झटका आणि हृदयाच्या टोकाचे झुलणे या खुणा तर अनुभवी नजरेला मोजमापाविनाही ओळखू येतात. स्नायूच्या प्रतिमेतील नैसर्गिक ठिपक्यांचा मागोवा घेऊन कोणता भाग केव्हा आणि किती आखडला, हेही संगणकाला काढता येते.

मात्र आकड्यांवरील विश्वास एकेकाळी जरा उतावीळच ठरला. भिंतींचा मेळ पुन्हा बसवणारा पेसमेकर कोणाला उपयोगी पडेल, हे सांगू पाहणाऱ्या 12 मापांची परीक्षा ‘प्रॉस्पेक्ट’ या 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झाली, तेव्हा एकही माप एकट्याने पुरेसे भरवशाचे ठरले नाही. म्हणून रुग्णाची निवड करताना आजही ईसीजीतील, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखातील, क्यूआरएस लहरीच्या (जवनिकांमध्ये विद्युतसंदेश पसरतानाच्या नोंदीच्या) रुंदीला आणि आकारालाच अधिक मान आहे.