वाडीवरची शाळा आणि तिचा मुख्याध्यापक

प्राथमिक शाळेचे काम बिघडले की आपण सारे प्रथम शिक्षकाकडे बोट दाखवितो. तो शिकला किती, त्याला पगार किती, तो वेळेवर येतो की नाही, एवढेच आपण पाहतो. पण एका शाळेत कंटाळलेला शिक्षक बदलीनंतर दुसऱ्या शाळेत हौसेने शिकविताना आढळतो, याचा उलगडा त्या हिशेबाने होत नाही. माणूस तोच, शाळा चालविणारा बदलला, सोबती बदलला. लंडनच्या 12 माध्यमिक शाळांची पाहणी करून मायकेल रटर व त्यांचे सहकारी 1979 साली अशाच निष्कर्षास आले. मुलांची घरची परिस्थिती जमेस धरली तरी शाळाशाळांतला फरक उरतो, आणि शाळेतील एकंदर वातावरणाशी त्याचा संबंध असतो.

मात्र आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील शाळा लंडनसारखी मोठी नव्हे. मंडणगडापासून राजापुरापर्यंत 9 तालुक्यांत गाव म्हणजे वाड्यांचा पुंजका. मधे डोंगर, मधे वहाळ. पावसाळ्यात लहान पोरांना साकवावरून कसे धाडावे? म्हणून वाडीवर शाळा लागते, आणि पट थोडा असतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. स्वतंत्र मुख्याध्यापक 150 च्या वर पट गेल्यावर. तेव्हा वाडीवरचा मुख्याध्यापक म्हणजे बहुधा दोघांतला सेवेने वडील शिक्षक. वर्गही त्याने घ्यावयाचा, दप्तरही त्यानेच सांभाळावयाचे.

तो पंचायत समितीच्या बैठकीस गेला की दुसऱ्याच्या पुढ्यात साऱ्या इयत्ता येतात. खरी कसोटी इथे लागते. कोणत्या वर्गाने काय करावयाचे हे त्याने आदल्या दिवशी सोबत्याबरोबर बसून ठरविले, परतल्यावर दिवस कसा गेला हे विचारले, तर दुसऱ्याला तो भार पेलतो. न सांगता गेला आणि आल्यावर फक्त हजेरीपत्रक तपासले, तर चार वेळा असे झाल्यावर दुसराही मुले नुसती बसवून ठेवू लागतो. हुकूम पाळला जातो, शिकविणे राहून जाते.

सोबती घाटावरचा असेल तर आणखी एक गोष्ट. मुलांची बोली त्याला नवी, बिऱ्हाड एकट्याचे, डोळा आंतरजिल्हा बदलीवर. पहिल्या पावसात त्याला राहावयास कोरडी खोली कोणी पाहून दिली, यावर तो किती रमेल हे पुष्कळसे ठरते, असे आम्हांस वाटते. (प्रशिक्षणवर्गात हा विषय नसतो.)

पण गोडीगुलाबी म्हणजे चांगले वातावरण नव्हे. दोघे संगनमताने आळीपाळीने घरी राहिले तर भांडण कसले होणार? आमची खूण निराळी आहे: “तिसरीला हातच्याची वजाबाकी मला समजावून देता येत नाही,” असे धाकट्याला वडिलापुढे मोकळेपणी म्हणता येते काय? आणि वडील त्यावर न हसता स्वतः तो तास घेऊन दाखवितो काय?

हे साधावयास मुख्याध्यापकाला वेळ हवा. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज बिनशैक्षणिक काम शिक्षकास देऊ नये, असे कायद्याचे 27 वे कलम सांगते. पण तक्ते, पोषण आहाराचे हिशेब आणि बैठका यांना शैक्षणिक काम म्हटले की कलमाची अडचण उरत नाही! शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. तिथे गळक्या कौलांचा विषय हटकून निघतो. गेल्या महिन्यात मुख्याध्यापक किती दिवस वर्गाबाहेर होते, आणि त्या दिवशी पहिलीची मुले काय करीत होती, हे सहसा कोणी विचारीत नाही.