कट्टीपासून कट्ट्यापर्यंत : शालेय व महाविद्यालयीन जीवनातील दांडगाई, कंपूशाही आणि सामाजिक समायोजन

प्रस्तावना

शाळेतून महाविद्यालयात प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्याच्या शैक्षणिक तयारीविषयी आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. इंग्रजीचा पाया कच्चा, गणिताची भीती, वाचनाचा अभाव ही कारणे प्रत्येक प्राध्यापक कक्षात ऐकू येतात. परंतु हाच विद्यार्थी मधल्या सुट्टीत कोणाबरोबर डबा खातो, प्रात्यक्षिकाला त्याचा जोडीदार कोण असतो, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात शालेय स्तरावरील दांडगाई व महाविद्यालयीन स्तरावरील कंपूशाही यांतील फरक स्पष्ट करण्याचा आणि त्या फरकात अध्यापकाचा वाटा किती, हे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना

नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी शालेय दांडगाईचा शास्त्रीय अभ्यास १९७० च्या दशकात सुरू केला. त्यांच्या मते दांडगाईची तीन लक्षणे आहेत : त्रास देण्याचा हेतू, त्या त्रासाची पुनरावृत्ती आणि त्रास देणारा व सोसणारा यांच्यातील बलाची विषमता. दोन समबल मुलांची मारामारी म्हणजे दांडगाई नव्हे. अध्यापकाच्या दृष्टीने यांतील तिसरे लक्षण सर्वाधिक महत्त्वाचे आहे. बल नेहमी शरीराचेच असते असे नाही. ते संख्येचे असते, भाषेचे असते, जातीचे असते, आणि वर्गात कोणाला ‘सर’ नावाने ओळखतात याचेही असते.

कंपू ही संकल्पना यापेक्षा निराळी आहे. समान आवड, समान गाव किंवा समान वसतिगृह यांमुळे चार-सहा जण एकत्र येतात यात गैर काहीच नाही. घरापासून दूर आलेल्या मुलाला तोच आधार असतो. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ पासून चालविलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेची तालीम पाहिलेल्या कोणालाही हे पटेल. तेथे ज्येष्ठ-कनिष्ठ असा भेद कडक असतो, कामे विषम वाटली जातात, तरीही नवखा मुलगा त्या गटात स्वतःहून शिरतो आणि त्याला बाहेर पडण्याची मुभा असते. कंपूचे कंपूशाहीत रूपांतर होते ते संधी, माहिती आणि प्रतिष्ठा यांची वाटणी त्या गटातूनच होऊ लागते तेव्हा.

शाळा : जाहीर वैर, जाहीर समेट

शालेय जीवनात सामाजिक बहिष्काराला एक रूढ नाव आहे, ते म्हणजे कट्टी. ती बोटाच्या खुणेने जाहीर केली जाते, तिचे कारण सर्वांना ठाऊक असते आणि मुख्य म्हणजे ती मोडण्याचा विधीही ठरलेला असतो. कट्टीला बट्टी असते. मुलांनीच निर्माण केलेली ही एक छोटी न्यायव्यवस्था होय. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. टोपणनावांनी वर्षानुवर्षे जखमी होणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, आणि गुणांवरून तुकड्या पाडण्याच्या पद्धतीने ‘क’ तुकडीच्या मुलांवर जो शिक्का बसे तो शाळेनेच मारलेला असे. मात्र शाळेची रचना या त्रासाला काही मर्यादा घालते. वर्ग तोच, बाक तोच, वर्गशिक्षक रोज हजेरी घेणारे. घर बहुधा त्याच गावात किंवा पेठेत असल्याने पालक आणि शिक्षक एकमेकांना ओळखतात. मूल दोन दिवस गप्प बसले तर कोणाच्या ना कोणाच्या तरी ते लक्षात येते.

महाविद्यालय : अघोषित वगळणे

महाविद्यालयात ही चौकट एकदम नाहीशी होते. विषयनिवडीनुसार विद्यार्थी तासागणिक विखुरतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम राबविले जाऊ लागल्यावर हे विखुरणे आणखी वाढले आहे. बाकाची जागा कट्टा घेतो, आणि कट्ट्यावर कोणाला कोणी बसवून देत नाही. येथे कट्टी कोणी जाहीर करीत नाही. फक्त बोलावले जात नाही. चहाला जाताना हाक मारली जात नाही. वर्गाचा भ्रमणध्वनीवरील अधिकृत गट सर्वांसाठी असतो, पण खरा संवाद काही जणांना वगळून केलेल्या दुसऱ्या गटात चालतो. वैर जाहीर नसल्यामुळे समेटही शक्य नसतो. ज्याला वगळले त्याला तक्रार करण्यासाठी घटनाच सापडत नाही.

भाषा हा या वगळण्याचा पहिला निकष असतो. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणारा मुलगा पहिल्या आठवड्यात एकदा हसण्यावारी नेला गेला की पुढे वर्गात तोंड उघडत नाही. त्याचे मौन मग आपण ‘सहभाग कमी’ या रकान्यात नोंदवितो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटले ते हेच. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीतील पांडुरंग सांगवीकर खानदेशातील खेड्यातून पुण्याच्या वसतिगृहात येतो. त्याच्याकडे घरचा पैसा आहे आणि तरीही तो शहरात रुजत नाही, ही बाब अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. परकेपणा केवळ गरिबीतून येत नाही.

जात हा दुसरा निकष. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील परिस्थितीची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ च्या अहवालात वसतिगृह, भोजनगृह आणि खेळाचे मैदान या ठिकाणी अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना भोगाव्या लागणाऱ्या अलगतेकडे लक्ष वेधले होते. या तिन्ही जागा अध्यापकाच्या नजरेबाहेरच्या आहेत, हे लक्षणीय होय.

कायद्याची पोच

महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंग प्रतिबंधक कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा असून, दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढल्यानंतर पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची असते. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या राघवन समितीचा अहवाल २००७ मध्ये आला. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी विनियम लागू केले. २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, प्रदेश, भाषा, दिसणे, आर्थिक पार्श्वभूमी इत्यादींवरून होणारा शारीरिक व मानसिक छळही रॅगिंगच्या व्याख्येत स्पष्टपणे आणला.

ही तरतूद मोलाची आहे. तरीही कायदा कृतीला पकडतो, कृतीच्या अभावाला नव्हे. शिवी दिली तर पुरावा असतो. हाक मारली नाही याचा पुरावा कोठून आणणार? म्हणून प्रतिवर्षी विद्यार्थी व पालक यांची प्रतिज्ञापत्रे भरून घेतल्यावर आपले कर्तव्य संपले असे मानणे चुकीचे ठरेल. रॅगिंग बंद झाल्याचे समाधान बाळगणाऱ्या महाविद्यालयातही एखादी मुलगी तीन वर्षे ग्रंथालयाच्या एकाच कोपऱ्यात एकटीच डबा खाताना आढळू शकते.

मिसळणे म्हणजे काय?

अमेरिकन अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात याची मीमांसा करताना शैक्षणिक व सामाजिक अशा दुहेरी समावेशनावर भर दिला. मात्र विल्यम टिअर्नी यांनी १९९२ मध्ये त्यावर घेतलेला आक्षेप मला अधिक बोलका वाटतो. मिसळण्याचा सारा भार अल्पसंख्य विद्यार्थ्यावर टाकून संस्था स्वतः जशी आहे तशीच राहते, असा त्याचा आशय आहे. आपल्याकडील ‘व्यक्तिमत्त्व विकास’ कार्यशाळांना हा आक्षेप तंतोतंत लागू पडतो. त्यांत बोली बदलायची असते ती गावाकडच्या मुलाने. त्याला हसणाऱ्यांसाठी कार्यशाळा भरल्याचे ऐकिवात नाही.

याउलट उदाहरण आपल्याच भूमीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. ज्यांना शहरात कोणी दारात उभे करीत नव्हते त्यांना आधी छप्पर हवे होते. त्यानंतर कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तेथे मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत, कामे वाटून घेत. मैत्री करा असा उपदेश करण्याऐवजी एकत्र काम करणे अपरिहार्य होईल अशी व्यवस्था तेथे केली गेली.

वर्गातील एक वाक्य

ही व्यवस्था आज आपण नकळत उलटी करतो. प्रात्यक्षिक, प्रकल्प किंवा क्षेत्रभेटीच्या वेळी ‘आपापले गट करा’ असे आपण सहज सांगतो. यात स्वातंत्र्य दिल्याचा भास होतो. प्रत्यक्षात कट्ट्यावरची विभागणी त्या क्षणी वर्गात येते आणि तिच्यावर अध्यापकाची मोहोर उमटते. शेवटी पाच-सहा विद्यार्थी उरतात. त्यांचा ‘उरलेल्यांचा गट’ होतो; त्यांना मागील वर्षीचे तयार प्रकल्प मिळत नाहीत, तोंडी परीक्षेत काय विचारतात याची खबर मिळत नाही, आणि निकालानंतर ते ‘मुळातच कच्चे’ ठरतात.

हजेरी क्रमांकानुसार किंवा चिठ्ठ्या टाकून गट पाडणे आणि दर सत्रात ते बदलणे हा साधा उपाय आहे. त्यावर कुरकुर होते, प्रथम कामाचा दर्जाही थोडा घसरतो. शिवाय सक्तीच्या गटात एकालाच सारे काम करावे लागण्याचा धोका असतो, म्हणून कोणी काय केले याची स्वतंत्र नोंद मागावी लागते. पाठ तपासण्याचे काम वाढते ते यामुळेच.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांत नवागतांचे छोटे गट करून प्रत्येक गट एका अध्यापकाकडे सोपवावा आणि त्या अध्यापकाने गटातील प्रत्येक विद्यार्थ्याशी दररोज व्यक्तिशः बोलावे, असे म्हटले आहे. दररोज, हा शब्द तेथे आहे. मूल्यांकन समितीसमोर ठेवावयाच्या मार्गदर्शक-विद्यार्थी नोंदवहीत मात्र सत्रातून दोन स्वाक्षऱ्या पुरतात.