नाडी ठीक, नखं काळी

५ जून १९६६ रोजी नासाच्या ‘जेमिनी ९ए’ यानातून अवकाशात बाहेर पडलेले अंतराळवीर युजीन सर्नन दोन तास सात मिनिटांनी आत परतले, ते पार गळून. यानाच्या मागच्या टोकाला ठेवलेलं एक उपकरण पाठीवर चढवायचं, एवढंच काम होतं. पण तिथे पाय रोवायला धड जागा नव्हती. झडप फिरवायला जावं, तर ती राहायची जागच्या जागी आणि सर्ननच फिरायचे. घामाच्या वाफेनं हेल्मेटची काच आतून धुरकटली, नाडी मिनिटाला १८० च्या घरात गेली आणि काम अर्ध्यावर सोडावं लागलं. तीन महिन्यांनी ‘जेमिनी ११’च्या रिचर्ड गॉर्डन यांचीही तीच गत झाली. वजन नसलेल्या जागी कष्ट कमी पडतील, हा कागदावरचा हिशेब दोघांनी घामानं पुसून टाकला.

बझ ऑल्ड्रिन यांनी मग बाल्टिमोरजवळच्या एका शाळेच्या पोहण्याच्या तलावात, पाण्याखाली सराव केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘जेमिनी १२’मधून ते बाहेर गेले, तेव्हा पाय अडकवायला खोबणी होत्या, धरायला कठडे होते, आणि मध्ये मध्ये ठरवून घेतलेली दोन-दोन मिनिटांची विश्रांती होती. काम सुरळीत पार पडलं. तेव्हापासून स्पेसवॉकची रंगीत तालीम पाण्यात होते.

आज नासाचा तलाव ह्यूस्टनमध्ये आहे. ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद, १२ मीटर खोल. त्यात अवकाश स्थानकाच्या भागांच्या पूर्णाकृती प्रतिकृती बुडवून ठेवल्या आहेत. सूट घातलेल्या माणसाला क्रेननं पाण्यात उतरवतात. मग पाणबुडे त्याच्या अंगावर वजनं आणि फोमचे तुकडे कमी-जास्त करत राहतात, तो बुडणार नाही आणि वरही येणार नाही, असा तोल साधेपर्यंत. एक सत्र सहा-सहा तास चालतं. स्थानकाच्या उभारणीच्या काळात बाहेरच्या एका तासासाठी तलावात सात ते दहा तास घालवायचे, असा दंडक होता. सुनीता विल्यम्स यांच्या नावावर नऊ स्पेसवॉकचे ६२ तास आहेत. त्यामागे पाण्यातले किती तास असतील याचा अंदाज करावा.

हे सगळं चालू असताना शरीरावर नजर ठेवायची कशी? वरून येणाऱ्या नळीतून सूटमध्ये श्वासाची हवा येते आणि अंगाला थंड ठेवणारं पाणीही. आतल्या, अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यात शिवलेल्या सुमारे नव्वद मीटर बारीक नळ्यांतून ते पाणी फिरतं. माणूस राबला की कार्बन डायऑक्साइड जास्त सोडतो आणि उष्णताही. म्हणून परतणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला की किती ऊर्जा खर्च होते आहे हे कळतं. चंद्रावरही हाच विचार होता. अपोलोच्या डॉक्टरांनी मेहनतीचा अंदाज तीन वाटांनी बांधला: नाडीवरून, टाकीतला प्राणवायू किती वेगानं संपतो त्यावरून, आणि थंड पाणी आत जाताना व बाहेर येतानाच्या तापमानातल्या फरकावरून. तिन्हींत नाडी सर्वांत बेभरवशाची. ती कष्टानं वाढते, तशी भीतीनंही वाढते.

तरी हे सारे आकडे सांगतात ते छातीचं. मार बसतो तो बोटांना. सूट हवेनं ताणलेला असतो, त्यामुळे हातमोजा आपणहून उघडाच राहू पाहतो. मूठ वळायची म्हणजे दर वेळी त्या दाबाशी झगडायचं. सायकलची फुगवलेली ट्यूब सहा तास सतत दाबत बसावं, असा हा प्रकार. आत घाम साचतो, बोटांची टोकं मोज्याच्या टोकावर घासतात, नखाखाली रक्त उतरतं आणि कधी नख मांसापासून सुटून येतं. २००२ ते २००४ या काळातल्या तलावातल्या सातशेहून अधिक सत्रांची नासानं तपासणी केली. नोंदवलेल्या तक्रारींत जवळपास निम्म्या हाताच्या होत्या आणि पाचवा हिस्सा खांद्याचा. खांद्याचं कारण मासलेवाईक आहे. पाणी सूटला तरंगवतं, आतल्या माणसाला नाही. उलटं होऊन काम करायची वेळ आली की अंगाचा सगळा भार सूटच्या कडक धडातल्या खांद्यांवर येतो. काहींवर शस्त्रक्रियेची पाळी आली. म्हणजे जी दुखापत अवकाशात व्हायचं कारण नाही, ती सरावात होते, आणि पडद्यावरचे आकडे मात्र ठीकच दिसत राहतात.

अशा दुखापती कळायच्या तर विचारावं लागतं. सत्रानंतर हात दाखवा, कुठे दुखतं ते सांगा. पुढच्या मोहिमेवर डोळा असलेला माणूस ते सगळं मोकळेपणानं सांगेलच, असं मला तरी वाटत नाही.

लपवाछपवी दोन्ही बाजूंनी होते. १९७१ मध्ये ‘अपोलो १५’च्या जेम्स आयर्विन यांच्या हृदयाचे ठोके अनियमित झालेले ह्यूस्टनच्या डॉक्टरांना पडद्यावर दिसले होते. चंद्रावर सूटमधली पाण्याची नळी न चालल्यानं ते तासन् तास तहानलेले राहिले होते. ठोक्यांची बातमी त्यांना त्या वेळी कुणी दिली नाही. त्यांचे सोबती डेव्हिड स्कॉट यांची नखं हातमोज्यांनी काळी पडली होती. स्पर्श नीट कळावा म्हणून त्यांनी मोजे मुद्दाम घट्ट बसवून घेतले होते. आयर्विन यांचे ठोके पोटॅशियम कमी पडल्यानं बिघडले असावेत, असं ठरवून डॉक्टरांनी ‘अपोलो १६’च्या मंडळींना पोटॅशियम घातलेला संत्र्याचा रस भरपूर पाजला. त्यावर त्यांच्यातल्या जॉन यंग यांनी चंद्रावरून, माइक चालू आहे याचं भान नसताना, पोटातल्या वायूबद्दल जे सुनावलं ते सगळ्यांनी ऐकलं. आयर्विन यांना पुढे १९७३ मध्ये हृदयविकाराचा झटका आला.

तालमी कोरड्या जमिनीवरही होतात. मे २०२४ मध्ये ॲरिझोनातल्या ज्वालामुखीच्या राखेत नासाचे अंतराळवीर केट रुबिन्स आणि आंद्रे डग्लस चंद्रावरचं चालणं गिरवत होते. नासाच्या ह्यूस्टनमधल्याच आवारात, मंगळावरच्या नकली घरात, चौघांचा पहिला गट २०२३ ते २०२४ या काळात ३७८ दिवस राहिला. मंगळावरची त्यांची भटकंती लाल मातीच्या अंगणात आणि आभासी चष्मा लावून फिरत्या पट्ट्यावर चालत झाली. चंद्राचा संदेश पृथ्वीवर सव्वा सेकंदात पोचतो, मंगळाचा कधी कधी वीस मिनिटांहून जास्त घेतो. अशा वेळी नाडी १८० वर गेल्याचं ह्यूस्टनला दिसून ‘थांब’ हा शब्द परत पोचेपर्यंत जवळपास पाऊण तास गेलेला असेल. म्हणून तिथे ते आकडे वाचायचं आणि सोबत्याला आत बोलवायचं काम घरात बसलेल्या गड्यालाच करावं लागेल.