कळलावी : ओळख आणि लागवड

पावसाळा स्थिरावला, की बेळगाव-निपाणी भागातील कुंपणांतून एक नाजूक वेल डोके वर काढतो. श्रावण-भाद्रपदात त्यावर ज्वालेसारखी फुले उमलतात. हीच कळलावी. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात. कोकणात या फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणतात, तर कन्नड भाषकांतही ‘गौरी हूवु’ हे नाव रूढ आहे.

तिची ओळख पटण्यास पान पाहावे. पानाचे टोकच लांबून त्याचा ताणा होतो आणि तो आधाराला विळखा घालतो. फूल खाली वाकलेले असते; त्याच्या सहा नागमोडी पाकळ्या मात्र उलट वर वळतात. आरंभी हिरवट-पिवळ्या असलेल्या या पाकळ्या दिवसागणिक तांबड्या होत जातात.

जमिनीतील कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून तिला ‘लांगली’ असेही नाव मिळाले. प्रसूतीच्या कळा आणणारी म्हणून ती कळलावी. घरात ठेवल्यास कलह होतो, ही समजूत मात्र केवळ नावावरून आलेली आहे.

खरा धोका वेगळाच आहे. या वनस्पतीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कॉल्चिसीन हे तीव्र विष असते. बेळगावच्या पश्चिमेस रताळ्याचे पीक मोठे आहे. म्हणून हा इशारा तेथे अधिक मोलाचा. रताळे समजून हा कंद खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी श्रीलंकेत आहेत. काही तासांनी उलट्या व जुलाब सुरू होतात आणि पुढे शरीरातील अनेक अवयव निकामी होऊ शकतात. अशा वेळी घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. प्रसूतीसाठी वा गर्भपातासाठी हिचा उपयोग करणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

तरीही बागेत तिला स्थान देता येते. मृगाच्या सुमारास, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत कंद दोन इंच खोल आडवा लावावा. कोंब कंदाच्या टोकालाच फुटतो. ते टोक मोडल्यास कंद फुकट जातो. वेलाला काटक्यांचा किंवा जाळीचा आधार द्यावा. हिवाळ्यात वेल वाळला, तरी मेला असे समजू नये; कंद जमिनीत विसावलेला असतो. त्या काळात पाणी घातल्यास तो कुजतो. बियांपासून लावलेल्या रोपास फुले यायला तीन-चार वर्षे लागतात.

कंद हाताळताना हातमोजे घालावेत व नंतर हात धुवावेत. वेल मुलांच्या व गुरांच्या वाटेपासून दूर असावा आणि भाजीच्या वाफ्याशेजारी तर तो कधीच लावू नये. ही शिस्त पाळणाऱ्याच्या कुंपणावर गौरीच्या आगमनाबरोबर अग्निशिखा खुशाल फुलावी.