खेळाचा कस: अलीकडच्या काही व्हिडिओ गेम्सविषयी

व्हिडिओ गेम खेळणारे लोक नुकत्याच संपवलेल्या खेळाविषयी आपसांत बोलू लागले, की काही ठरावीक शेरे त्यांच्या तोंडी हमखास येतात: ‘कंट्रोल्स जड आहेत’, ‘ग्राइंड फार आहे’, ‘बॉस अनफेअर आहे’, ‘ग्राफिक्स भारी, पण गेमप्लेत दम नाही’. या क्षेत्राशी संबंध नसलेल्या वाचकाला हे शेरे उथळ वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यांच्या मुळाशी एक नेमकी कसोटी आहे. कंट्रोल्स म्हणजे बटण दाबताच पडद्यावरील पात्राने दिलेला प्रतिसाद, ग्राइंड म्हणजे पुढे सरकण्याइतके बळ यावे म्हणून करावे लागणारे तेच ते काम, बॉस म्हणजे टप्प्याच्या अखेरीस वाट अडवून उभा असलेला बलाढ्य शत्रू आणि गेमप्ले म्हणजे नियमांच्या चौकटीत खेळणाऱ्याला प्रत्यक्ष जे करावे लागते ते सारे. यांपैकी एकाही शब्दाचा संबंध कथेशी वा दृश्यांच्या देखणेपणाशी नाही. तो खेळणाऱ्याच्या कृतीशी आहे. चित्रपटाचा प्रेक्षक पाहतो, कादंबरीचा वाचक वाचतो, पण खेळाचा आस्वाद स्वतः काही केल्यावाचून घेताच येत नाही. त्यामुळे खेळाचा कस पाहावयाचा, तर तो खेळणाऱ्याकडून काय करवून घेतो हेच आधी पाहिले पाहिजे.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. मराठी वृत्तपत्रांत ‘ऑनलाइन गेम’ हा शब्द गेल्या काही वर्षांत बहुतेकदा कर्जबाजारीपणाच्या बातम्यांत येत राहिला, आणि पालकांच्या मनात जुगार आणि व्हिडिओ गेम यांची सरमिसळ झाली. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धात्मक स्वरूपात खेळले जाणारे व्हिडिओ गेम, यांना त्यांपासून वेगळे मानले. येथे ज्यांचा विचार करावयाचा आहे ते सर्व खेळ पुस्तकासारखे एकदा विकत घेऊन खेळावयाचे आहेत. त्यांत पैसे जिंकण्याचा प्रश्नच येत नाही.

हा भेद सर्वांत चांगला कळतो तो ‘बलात्रो’ या खेळावरून, कारण तो दिसायला पत्त्यांचा जुगार आहे आणि असायला मुळीच नाही. कॅनडातील एका विकसकाने, स्वतःचे खरे नाव उघड न करता ‘लोकलथंक’ या टोपणनावाने, हा खेळ एकट्याने घडवला आणि तो फेब्रुवारी २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीचा बावन्न पानांचा जोड असतो, हाती आलेल्या आठ पानांतून जास्तीत जास्त पाच पाने टाकून पोकरमधील जुळण्या कराव्या लागतात, आणि तीन पत्तीतील जोडी, कलर, सिक्वेन्स ज्याला ठाऊक आहेत त्याला या जुळण्या समजायला वेळ लागत नाही. गुणांची पद्धत मात्र पोकरची नाही. प्रत्येक जुळणीला एक मूळ आकडा आणि एक गुणक असतो. साध्या जोडीचा मूळ आकडा १० आणि गुणक २ आहे, म्हणून दोन राजांची जोडी टाकली तर प्रत्येक राजाचे १० मिळवून ३० होतात आणि दोनाने गुणून ६०. पहिल्या फेरीचे लक्ष्य ३०० गुणांचे असते आणि ते गाठायला चार हात मिळतात, त्यामुळे नवख्याला हे प्रमाण ठीकच वाटते. परंतु आठव्या टप्प्याच्या शेवटच्या फेरीत हेच लक्ष्य साधारणतः एक लाखावर जाते, आणि जोड्या टाकून तेथे पोहोचणे शक्य नाही हे तेव्हा ध्यानात येते.

यावरचा उपाय म्हणजे जोकर. खेळात दीडशे निरनिराळे जोकर आहेत. दोन फेऱ्यांच्या मधल्या दुकानातून ते खेळातल्याच पैशांनी विकत घ्यावे लागतात आणि एका वेळी सामान्यतः पाचच जवळ बाळगता येतात. कोणी जोकर चौकटच्या प्रत्येक पानामागे गुणक तीनने वाढवतो, कोणी संपूर्ण गुणक दुप्पट करतो, तर कोणी आपल्या उजवीकडे बसलेल्या जोकराची करामत उचलतो. शिवाय जोकरांचा हिशेब डावीकडून उजवीकडे होत असल्यामुळे त्यांना कोणत्या क्रमाने बसवले यावर फळ अवलंबून राहते: गुणक ४ असताना आधी चार मिळवून मग दोनाने गुणले तर १६ येतात, आधी गुणून मग मिळवले तर १२. बेरीज-गुणाकाराचा क्रम हा प्राथमिक शाळेतला धडा आहे, पण तो येथे इतका निकडीचा होतो की खेळणारा आपण होऊन संभाव्यतेचा आणि घातांकी वाढीचा विचार करू लागतो. या प्रकारच्या खेळांना, १९८०च्या ‘रोग’ या खेळावरून, रोगलाइक म्हणतात. हरले की मिळवलेले सारे जाते, नवा डाव अगदी पहिल्यापासून सुरू होतो आणि दर वेळी पाने, दुकाने, जोकर यांचा क्रम निराळा असतो. गाठीशी राहते ती केवळ समज.

पत्त्यांच्या दर्शनी रूपामुळे युरोपात वयोगट ठरवणाऱ्या ‘पेगी’ या संस्थेने या खेळाला १८ वर्षांवरील वर्गात टाकले होते. त्यावर अपील झाल्यावर २०२५मध्ये हा निर्णय बदलून १२ वर्षांचा वर्ग देण्यात आला, आणि ते योग्यच झाले. जुगारात पैसा पणाला लागतो आणि नियम जुगारघराच्या मालकाच्या बाजूचे असतात; ‘बलात्रो’ नियमच खेळणाऱ्याच्या हाती देतो आणि ते मोडून-जोडून पाहा असे सांगतो. तरीही त्यात एक दोष आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही: डाव लहान असल्यामुळे ‘आणखी एकच’ म्हणता म्हणता रात्र सरते, आणि हा खेळ स्वतःहून थांबण्याचे कोणतेही निमित्त पुरवत नाही. मुलांच्या हाती तो देताना वेळेची मर्यादा घरानेच घालावी लागेल.

कंट्रोल्स म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याला जानेवारी २०१८मध्ये आलेल्या ‘सेलेस्ट’ या खेळापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. मॅडी थॉर्सन, नोएल बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या या खेळात मॅडलिन नावाची तरुणी एक डोंगर चढते; तिला धावता येते, उडी मारता येते, भिंतीला धरून चढता येते आणि हवेत असताना एकदाच, पाय पुन्हा जमिनीला लागेपर्यंत, कोणत्याही दिशेला झेप घेता येते. एवढ्याच कृतींतून शेकडो अवघड जागा पार करावयाच्या असतात आणि चूक झाली की मृत्यू ठरलेला. मात्र क्षणार्धात मॅडलिन त्याच जागेच्या आरंभी पुन्हा उभी राहते, म्हणून चुकीची शिक्षा नगण्य आणि शिकण्याची संधी अमर्याद ठरते. या कठोर दिसणाऱ्या रचनेत खेळणाऱ्याच्या बाजूने अनेक सवलती दडवलेल्या आहेत. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही क्षण उडीचे बटण मान्य केले जाते. या सवलतीला खेळ घडवणाऱ्यांच्या बोलीत कायोटी टाइम म्हणतात, कारण जुन्या अमेरिकी व्यंगपटांतील कायोटी नावाचा कोल्ह्यासारखा प्राणी कडा संपल्यावरही थोडा वेळ हवेत धावत राहतो. जमिनीला पाय टेकण्याच्या किंचित आधी दाबलेली उडीही लक्षात ठेवली जाते आणि उडी मारताना डोके कोपऱ्याला जेमतेम घासले, तर पात्र हलकेच बाजूला सरकवले जाते. खेळणाऱ्याला यातले काहीच जाणवत नाही. आपल्या बोटांना हवे ते पडद्यावर घडते एवढेच त्याला जाणवते.

मात्र ‘सेलेस्ट’ श्रेष्ठ ठरतो तो त्याहून मोठ्या कारणाने. मॅडलिनला चिंतेचे झटके येतात, आणि तिच्या मनातील भयाचा अंश आरशातून बाहेर पडून तिच्याच रूपात तिचा पाठलाग करू लागतो. हा पाठलाग असा रचला आहे की ती आकृती मॅडलिनच्या प्रत्येक हालचालीची काही क्षणांनी हुबेहूब पुनरावृत्ती करते, म्हणजे खेळणाऱ्याला स्वतःच्याच मागच्या पावलांपासून पळावे लागते. पुढे या दोघींचा समेट होतो आणि त्यानंतर मॅडलिनला हवेत एकाऐवजी दोन झेपा घेता येऊ लागतात. भयाशी झगडा थांबवल्यावर माणसाचे बळ वाढते, हे येथे संवादाने सांगितलेले नाही, ते नियमातील बदलातून खेळणाऱ्याच्या बोटांना कळते, आणि ही किमया दुसऱ्या कोणत्याही कलामाध्यमाला साधणारी नाही.

अवघडपणाविषयीचा जुना वादही येथेच येतो. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने २०२२मध्ये आणलेल्या ‘एल्डन रिंग’मध्ये सोपे-कठीण अशी निवड नाही आणि अनेकांना ती नसण्यातच त्याचा मोठेपणा दिसतो, ‘सेलेस्ट’ने मात्र सहाय्य पद्धती देऊन खेळाची गती कमी करण्याची, इतकेच काय, मृत्यू टाळण्याचीही मुभा ठेवली. ‘एल्डन रिंग’ पूर्णपणे निष्ठुर नाही, कारण एका शत्रूने अडवले तर त्याच्या विस्तीर्ण प्रदेशात दुसरीकडे जाऊन बळ वाढवता येते; पण ज्याचे हात कापतात किंवा ज्याला वेळ अपुरा आहे अशा माणसासाठीही दार उघडे ठेवणारी ‘सेलेस्ट’ची वाट अधिक उदार आहे, आणि तिच्यामुळे खेळाच्या दर्जाला कोठेही बाधा आलेली नाही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘राजी’ची दखल घेतल्यावाचून भागणार नाही. लोकवर्गणीचा २०१७मधील प्रयत्न अपुरा पडूनही या मंडळींनी खेळ पूर्ण केला, आणि द गेम अवॉर्ड्स या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. महाबलासुर नावाच्या दैत्याने पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधायला निघालेली राजी ही डोंबाऱ्यांसारख्या कसरती करणारी मुलगी आहे. राजस्थानी वास्तुकलेवर बेतलेले महाल, छायाबाहुल्यांच्या रूपातील पूर्वकथा आणि दुर्गा व विष्णू यांच्या संभाषणातून होणारे निवेदन हे सारे मनापासून केलेले आहे. परंतु येथे लावलेल्या कसोटीवर ‘राजी’ उणा पडतो. लढाया लवकरच एकसुरी होतात, कॅमेरा स्थिर असल्यामुळे उडीचे अंतर अनेकदा अजमावता येत नाही आणि शेवट कथा भरात असतानाच तुटतो. भारतीय खेळ म्हणून त्याला सवलतीचे गुण देण्यापेक्षा या उणिवा स्पष्ट सांगणे हेच त्याच्या कर्त्यांच्या कष्टांना शोभणारे आहे, कारण त्यांनी स्वतःची तुलना जगाशी केली होती.

या उलट टोरांटोच्या विसाई गेम्सने २०२३मध्ये केलेला ‘वेन्बा’ आकाराने इवलासा आहे. १९८०च्या दशकात कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ जोडप्याची आणि तेथेच वाढणाऱ्या त्यांच्या कविन या मुलाची ही कथा आहे, आणि खेळणाऱ्याला करावयाचे असते ते फक्त स्वयंपाक. या जोडप्यातील पत्नी वेन्बा हिच्या आईने दिलेली पाककृतींची वही फाटलेली, डागाळलेली आहे. त्यामुळे इडली असो, पुट्टू असो की बिर्याणी, पुसट झालेली पायरी स्वतः ताडावी लागते आणि चुकली तर पुन्हा करून पाहावी लागते. आईपासून लेकीकडे आणि लेकीपासून परभाषेत रमलेल्या नातवाकडे जाताना काय गळून पडते, हे त्या अर्धवट ओळी जुळवताना आपोआप समजते. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये मुले वाढवणाऱ्या मराठी घरांना ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कोडी फार सोपी आहेत आणि ती आणखी हवी होती, ही तक्रार रास्त आहे. तरी ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेचा पदार्पणाचा पुरस्कार या खेळाला मिळाला तो उचितच होता. ज्या वाचकाने आजवर एकही व्हिडिओ गेम खेळलेला नाही, त्याने ‘वेन्बा’पासून सुरुवात करावी, त्यासाठी वेगवान बोटे लागत नाहीत, आणि तो एका बैठकीत पुरा होतो.