आत्याचे ‘कानातले’

चष्मा लागल्याचे कुणाला काही वाटत नाही. कमी ऐकू येते हे मात्र माणूस घरातल्यांपासूनही लपवतो. शहाऐंशी वर्षांच्या आमच्या आत्याने हेच केले. मांडीचे हाड मोडल्यापासून ती वॉकर धरून खोलीतल्या खोलीत फिरते. सदाशिव पेठेतला दुसरा मजला, लिफ्ट नाही. तेव्हा घरी येईल त्याच्याशी चार शब्द बोलणे, एवढेच तिचे बाहेरचे जग. तेही आटत चालले. डॉक्टरांनी “चक्कर येते का?” विचारले तरी “हो”, “येत नाही ना?” विचारले तरी “हो”! त्यावरून गोळ्या बदलायची वेळ आली, तेव्हा घर जागे झाले.

“ऐकू येतं रे, कळत नाही,” ही तिची तक्रार. मी भाषेचा मास्तर. मला ती फार नेमकी वाटली. म्हातारपणी आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ ही व्यंजने त्या पट्टीतली आणि मुळातच अशक्त. स्वर खालच्या पट्टीतले, धष्टपुष्ट. ‘साखर’ म्हणावे, तर तिच्यापर्यंत पोचणार नुसते ‘आ…अर’. आपण ओरडलो की स्वरच फुगतात. व्यंजने होती तिथेच!

एका दुकानदाराने कानाच्या आत बसणारे, कुणाला दिसणारही नाही असे इवलेसे यंत्र पुढे केले. त्याचा सेल वाटाण्याहून लहान. संधिवाताने वाकलेली आत्याची बोटे तो बदलणार कशी? यंत्र निवडताना कानाइतकीच बोटेही पाहावी लागतात. आम्ही कानामागे बसणारे, रात्री डबीत ठेवले की चार्ज होणारे यंत्र ठरवले. एक हट्ट मात्र धरला: श्रवणतज्ज्ञ बाईंनी घरी यावे, आणि विक्रीनंतरही यावे. आधी कानाच्या डॉक्टरांनी मळ काढला. मग पंखा, कुकर, रेडिओ बंद करून खुर्चीतच तपासणी झाली, कानाचा साचाही तिथेच घेतला. (अल्प उत्पन्नाच्या वृद्धांना २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र विनामूल्य मिळू शकते.)

“या वयात नवं कानातलं कशाला?” म्हणत आत्याने बसवून घेतले. पहिल्या दिवशी भांड्यांच्या आवाजानेच ती कावली. विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला मेंदूला काही आठवडे लागतात. म्हणून आधी तासभर, मग दोन तास, तेही एकाच माणसाने समोर बसून बोलायचे. बाई दोनदा येऊन आवाज जुळवून गेल्या. गेल्या महिन्यात डॉक्टरांना तिने स्वतःच सांगितले, “चक्कर उठताना येते, बसल्यावर नाही.”

चारपाच पाहुणे एकदम बोलू लागले, तर हे यंत्रही हात टेकते. मग आत्या ते शांतपणे काढून डबीत ठेवते आणि खुशाल झोपते.